आठ चाळीसची बस

दिवसाचे आठ तास बसून काढणाऱ्या माणसाला घरी आल्यावर आठ मिनिटं बसवत नसे. ड्रायव्हर खुर्चीत टेकला की लगेच उठायचा. खिडकीचा खिळा ठोकायचा, नळाचा वायसर बदलायचा, दाराच्या बिजागरीला तेल घालायचा, आणि करण्यासारखं काही उरलं नाही की चांगलं चालणारं घड्याळ उघडून बिघडवायचा. बायको म्हणायची, "अहो, ब्रेक नावाची वस्तू असते. लावा की कधीतरी." तो ऐकल्यासारखं करायचा आणि पुन्हा उठायचा. एकोणीस वर्षं एकाच रस्त्यावर एकाच नंबरची बस चालवणाऱ्याच्या अंगात एवढी चुळबुळ येते कुठून, हे कोडं शेजाऱ्यांना होतं. बायकोला नव्हतं.

डेपोत एक जुनी खोड होती. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, पहिली पाळी सुटण्याआधी, प्रत्येकानं आपला संकल्प मोठ्यानं सांगायचा आणि टाइमकीपरनं तो ड्यूटीच्या फळ्याच्या पाठीवर खडूनं लिहायचा. ज्याचा सगळ्यात आधी मोडेल त्यानं आठवडाभर सगळ्यांना चहा पाजायचा. मेकॅनिकनं तंबाखू सोडली आणि दुपारचं जेवण झाल्यावर पुन्हा धरली, त्यामुळे चहाचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला. पण फळा वर्षभर पुसत नसत, आणि त्यावरून होणारी टिंगलही वर्षभर पुरायची.

ड्रायव्हर 'वजन कमी करणार' असं सांगायचं ठरवून उभा राहिला आणि तोंडातून भलतंच निघालं. "आपल्या रूटवर बेचाळीस स्टॉप आहेत. दोन टोकं सोडली तर एकोणीस वर्षांत मी एकावरही उतरलेलो नाही. यंदा दर सुट्टीला एका स्टॉपवर उतरून बघणार. ओळीनं."

"आणि उतरून करणार काय?" टाइमकीपरनं विचारलं.

"बघणार, म्हटलं ना."

लोक खो खो हसले. त्याचा कंडक्टर तेवढा हसला नाही. अकरा वर्षं तो याच ड्रायव्हरच्या मागे घंटी वाजवत होता, आणि कुठे हसायचं नाही एवढं त्याला कळत होतं. आपण हे का बोलून गेलो, हे ड्रायव्हरला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही. बायकोला मात्र ऐकताक्षणी उमगलं.

"ओळीनं म्हणजे सतरावाही येणार," ती म्हणाली.

"बेचाळीसात सतरा येतोच."

"मी कुठे नाही म्हणतेय."

सतराव्या थांब्यावर त्यांची लेक राहत होती. अडीच वर्षांपूर्वी ड्रायव्हरनं साहेबांचे उंबरठे झिजवून तिला डेपोच्या पासखिडकीवर नोकरी लावून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात ती नोकरी सोडून ती एका दातांच्या लॅबमध्ये शिकायला गेली. तिथे मेणाचे आणि प्लास्टरचे साचे करून लोकांच्या मापाचे खोटे दात बनवतात. "लोकांचे दात करून पोट भरणार?" असं तो म्हणाला. "पासांवर शिक्के मारण्यापेक्षा बरं," असं ती म्हणाली. मग शब्दानं शब्द वाढला, आणि शेवटी तो ओरडला, "पुन्हा माझ्या गाडीत पाय ठेवू नकोस." रागाच्या भरात कुठली गाडी, कसली गाडी, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. घरात गाडी म्हणावी अशी एक सायकल होती, तीही पंक्चर. पण लेकीनं शब्द धरला. महिन्याभरात तिनं सतराव्या थांब्यापाशी खोली घेतली, आणि त्याच्या बसमध्ये ती आजतागायत चढली नव्हती. खाण तशी माती, दुसरं काय.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्यानं सोसलं असतं. पण ती रोज सकाळी बरोबर त्याच्याच वेळेला, आठ चाळीसला, स्टॉपवर येऊन उभी राहायची. बस थांबली की मान खाली घालून पर्स उघडायची, तिच्यात काहीतरी शोधत बसायची, आणि बस निघून गेली की मागून येणाऱ्या आठ बावन्नच्या बसनं कामाला जायची. आठ बावन्नचीच धरायची तर आठ पन्नासला ये की बाई. पण नाही. नाकावर टिच्चून बस सोडायला येते, असं ड्रायव्हरनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तरी तो पुढचं दार रोज उघडायचा. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा, ही सगळ्या रस्त्याची रीत. सतराव्या थांब्यावर निघायची जोडघंटी जराशी उशिरा यायची. कंडक्टर तेव्हा मुद्दाम तिकिटं चाळत उभा असे. त्याबद्दल दोघांत कधी चकार शब्द झाला नव्हता.

जानेवारीपासून दर मंगळवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, ड्रायव्हर साधे कपडे घालून बाहेर पडू लागला. 'जुना कारखाना' नावाच्या तिसऱ्या थांब्यावर कारखाना नव्हताच, आणि तो कधी होता हे आसपासच्या एकालाही सांगता येईना. सहाव्यावर एकशे बारा पायऱ्यांचा जिना निघाला. तो चढून गेल्यावर वर फक्त एक कुलूप लावलेलं फाटक होतं. नवव्यावर त्यानं केस कापून घेतले. न्हाव्यानं त्याच्या मागे उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तुमची मान ओळखीची वाटते." तो सात वर्षं याच बसनं येत होता, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. "रोज वाटायचं, ह्या माणसाचे केस कुणी कापले असतील. आज सुटलो," असं म्हणून त्यानं टॉवेल झटकला. ड्रायव्हर हसला तेव्हा आरशात त्याच्या वरच्या दातांतली फट दिसली. मागच्या नोव्हेंबरात एक दात पडला होता. बायको नवा बसवून घ्या म्हणून मागे लागली होती, पण खोट्या दाताचं नाव काढलं की तो उठून घड्याळ उघडायचा.

दर बुधवारी टाइमकीपर फळ्यावर ड्रायव्हरच्या संकल्पापुढचा आकडा तेवढा पुसून नवा लिहायचा. दहा झाले, बारा झाले, चौदाव्यावर ड्रायव्हर बागेतल्या दोन पेन्शनरांकडून बुद्धिबळात सपाटून हरला. आकडा वाढेल तशी त्याची झोप कमी होत गेली. रात्री कूस बदलून बदलून त्यानं चादरीचा दोर करून टाकला.

सोळाव्या थांब्यावर एक रोपवाटिका होती. पहिल्या मंगळवारी त्यानं तिथून एक कुंडी आणली. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा सोळावाच, कारण म्हणे तिथे बघण्यासारखं फार आहे. दोन कुंड्या आल्या. तिसऱ्या मंगळवारीही तेच झालं, तेव्हा बायको म्हणाली, "बाग करायची असेल तर तसं सांगा, मी पलंग बाहेर काढते."

"तू जातेस ना दर रविवारी तिच्याकडे," तो कुंडीकडे बघत म्हणाला. "काही म्हणते का?"

"तिलाच विचारा. तुमच्याच रस्त्यावर राहते."

डेपोत तर फळ्याखाली कुणीतरी 'गाडी बंद पडली आहे' असं लिहून ठेवलं. ड्रायव्हरनं ते वाचलं आणि पुसलं नाही. त्या दिवशी शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाल्यावर कंडक्टर पुढे आला आणि इंजिनाच्या झाकणावर बसला.

"दादा, अडीच वर्षं मी तिथे जोडघंटी उशिरा देतोय. वाटलं, तेवढ्यात तुमचं काम होईल. आता टाइमकीपर मला विचारतो, सतराव्यावर रोज दहा सेकंद जातात कुठे. काय सांगू त्याला?"

ड्रायव्हर आरसा पुसत राहिला. आरसा स्वच्छ होता.

मे महिन्याच्या एक तारखेला पाळ्या बदलल्या आणि त्याची सुट्टी मंगळवारची गुरुवार झाली. पहिल्या गुरुवारी तो साडेपाचलाच उठला. बुटांना पॉलिश केलं, शर्ट दोनदा बदलला, आणि बसनं न जाता सोळाव्या थांब्यापासून पुढे चालत गेला. आठ वाजून दहा मिनिटांनी तो सतराव्यावर पोचला. रोज पाहिलेली जागा खाली उतरल्यावर फार लहान वाटली. एक पत्र्याचं छप्पर, एक बाक, आणि बाकाच्या मागे किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी. उभं राहायला काही निमित्त हवं म्हणून त्यानं घराच्या किल्लीची नक्कल करायला दिली. ती झाल्यावर आणखी एक करायला दिली. किल्लीवाला म्हणाला, "घरात माणसं किती आहेत?" ड्रायव्हर म्हणाला, "दोन," आणि त्यानं नव्या किल्ल्या खिशात घातल्या.

आठ छत्तीसला लेक आली. काचेआडून दिसायची त्यापेक्षा ती बारीक होती. टपरीकडे तिची पाठ होती. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि दोन मागे घेतली. एक ते सोळा थांब्यांवर मिळून त्यानं जे काही बोलायचं जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. पाय मात्र घरी चुळबुळायचे तसे जागच्या जागी चुळबुळत होते.

तेवढ्यात वळणावरून बस आली. लेकीनं सवयीनं मान खाली घातली आणि पर्स उघडली. बस दोन आचके देऊन थांबली. त्या आचक्यांनी तिची मान झटकन वर आली. एकोणीस वर्षांत ड्रायव्हरची गाडी कधी आचके देत थांबली नव्हती, आणि हे तिला माहीत होतं. स्टिअरिंगवर एक पोरगेला बदली ड्रायव्हर बसला होता. ती उघडी पर्स तशीच हातात धरून खिडकीपाशी धावली.

"नेहमीचे ड्रायव्हर कुठे आहेत? आज मंगळवार नाहीये."

"मला काय माहीत, ताई. मला सकाळी सांगितलं, गाडी काढ."

ती मागच्या दाराकडे धावली. आवाज पार चिरकला होता. "काका, बाबांना काय झालं?"

कंडक्टर दांड्याला धरून वाकला. त्यानं तिच्या खांद्यावरून टपरीकडे पाहिलं. "धड आहे. तुझ्या मागे, किल्लीवाल्यापाशी उभा आहे. एक जानेवारीला निघालाय, आत्ता पोचला." आणि त्यानं जोडघंटी दिली. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या थांब्यावर ती वेळेवर वाजली.

बस गेली. धूळ बसेपर्यंत दोघं उभी राहिली.

"सुट्टी बदलली?" लेकीनं विचारलं. डोळे पुसायला तिनं मनगट वापरलं, कारण बोटांच्या पेरांत कालच्या साच्यांचं प्लास्टर होतं.

"एक तारखेपासून. गुरुवार."

"सांगायचं कुणाला तरी. मला वाटलं..."

"मी तुला म्हणालो होतो, माझ्या गाडीत पाय ठेवू नकोस."

"माहितेय. मी होते तिथे."

"चुकलो मी. त्याच रात्री कळलं होतं." त्याला रडू येत होतं, आणि समोर बघायला रस्ता नव्हता, धरायला स्टिअरिंग नव्हतं. "तू तिथे उभी असतेस आणि मी दार उघडतो. रोज उघडतो. चढत जा गं."

लेकीनं पर्सची चेन लावली. "उद्या चढते. पुढच्या दारानं. पण तिकीट काढीन, बापाची गाडी म्हणून फुकट नाही."

"फुकट कोण नेतंय. कंडक्टर ओळखतेस ना."

ती हसली, आणि मग त्याच्या तोंडाकडे निरखून बघायला लागली, कामावर बघत असेल तशी.

"तो दात नक्की कधी पडला?"

"कुठला?"

"वरचा, डावीकडचा. दहा नोव्हेंबरला होता, तुम्ही एका सायकलवाल्यावर ओरडत होतात. बाराला नव्हता. अकराला मला सुट्टी होती, म्हणून तारीख कळली नाही."

ड्रायव्हरनं जीभ त्या फटीत घातली आणि तिथेच ठेवली. अडीच वर्षं त्यानं तिचा भांग तेवढा पाहिला होता, खाली वाकलेला, आणि त्यावरून सगळं ठरवून मोकळा झाला होता.

"अकराला," तो म्हणाला.

मागून आठ बावन्नची आली. लेकीनं मान हलवून तिला जाऊ दिलं आणि बाकावर बसली. ड्रायव्हर तिच्या शेजारी बसला. पुढची बस कधी आहे हे त्याला तोंडपाठ होतं, पण त्यानं सांगितलं नाही, आणि तो बराच वेळ उठलाही नाही.