बोटावरची टोपी

"टोचलंत कशानं?" डॉक्टरबाईंनी माझ्या बोटावरची कापडी टोपी काढायला लावली आणि बोट दिव्याखाली धरून विचारलं.

"सुईनं. कोरी करकरीत होती."

तीस वर्षं कोटांची काजं करणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? नखाच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ आली होती. टोचली तर पू नाही, काही नाही. पातळ डिंकासारखं काहीतरी निघालं. आठ दिवसांत गाठ पुन्हा जागेवर. नखावर उभा खळगा पडला, माझ्या आईच्या नखावर होता तसाच.

शेजारी माझा मुलगा उभा होता. पंपदुरुस्तीच्या कामावर खाडा करून मला घेऊन आला होता आणि माझ्यावर चिडलेला होता. त्याची मुलगी चार महिन्यांची झाली तरी मी तिला मांडीवर घेतलं नव्हतं. सुनेने ते मनाला लावून घेतलं होतं.

"साधी गाठ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सांधा झिजला की त्यातलं वंगण बाहेर येऊन कातडीखाली साठतं. कॅन्सरबिन्सर नाही. त्रास नसेल तर राहू द्या तशीच. सुई मात्र पुन्हा लावायची नाही. सांध्यात जंतू गेले तर बोटावर बेतेल."

"दुसऱ्याला होते का हो? लहान बाळाला?"

"छे! हात लावून कुणाला होत नाही."

ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण मला आई आठवली.

आईची गाठ अशीच फुटायची. हा लागणारा रोग आहे, असं तिने मनाशी धरलं. डॉक्टरचं नाव काढू द्यायची नाही. कापडाच्या टोप्या शिवून बोटावर घालायची, पेला वेगळा ठेवायची. माझा मुलगा जन्मल्यापासून ती जाईपर्यंत, अकरा वर्षं, तिने त्याला हात लावला नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. मी ती मुकाट पाळली.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी हे सगळं मुलाला सांगितलं.

"म्हणजे आजीला मी नकोसा नव्हतो?"

"नाही रे बाळा. तू झोपलास की उशाशी येऊन बसायची. हात पाठीमागे धरून."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, आई."



घरी आल्यावर मी हात धुतले आणि सुनेपुढे दोन्ही पसरले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला माझ्याकडे दिलं. केवढी जड झाली होती पोर!

दवाखान्यात बोटावरून काढलेली टोपी मी शिलाई मशीनवर टाकली होती. आईच्या डब्यातलीच होती ती, धुऊन धुऊन विरलेली. फेकून दे, असं मुलाला सांगायला वळले, तर तो ती बोटावर चढवून पाहत होता. त्याच्या जाड बोटाला ती नखापर्यंतच आली. त्याने ती काढली नाही. तसाच बसून राहिला.