बुधरीचा पाचवा फाऊल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवणारे कमरुद्दीन मास्टर सव्वीस वर्षांपासून बास्केटबॉलचे रेफरी आहेत, आणि या सव्वीस वर्षांत त्यांना कोणी एकदाही हार घातलेला नाही. शिव्या मात्र पोटभर मिळाल्या. मराठीत, हिंदीत, एकदा सिरोंच्याला तेलुगूत. त्या कळल्या नाहीत, पण आवाजावरून अंदाज आला. या खेळात जिंकणारा आपल्या बळावर जिंकतो आणि हरणाऱ्याला नेहमी रेफरीच हरवतो. अशा ठिकाणी गळ्यात शिट्टी अडकवून स्वतःच्या पायांनी जाणारा माणूस थोडा अर्धवटच असला पाहिजे, असं त्यांच्या बायकोचं, कनीजचं मत होतं. रविवारी मास्टर बूट पुसायला बसले की ती आतूनच विचारायची, "चले गालियां खाने?"

लोकांना ते सांगायचे की व्यायाम होतो, गुडघे मोकळे राहतात. ते खोटंच होतं. गुडघे उलट त्यामुळेच गेले होते. खरं कारण दुकानात होतं. दिवसभर कोणी म्हणायचं बाही लांब झाली, कोणी त्याच बाहीला तोकडी म्हणायचं, आणि मास्टर दोघांनाही "हो भाऊ" म्हणायचे. गिऱ्हाइकाला हो म्हणावंच लागतं. मैदानावर मात्र कोणाला हो म्हणायची गरज नव्हती. जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं ते फुंकायचं, जे पाहिलं नाही ते नाही फुंकायचं. मग समोर कोणाचाही पोरगा असो, कोणीही किती ओरडो. आयुष्यात खरं बोलायला मिळालेली तेवढीच एक जागा होती, आणि तिच्यासाठी शिव्या खाणं मास्टरांना परवडत होतं.

त्या दिवशी गडचिरोलीला एकोणीस वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची फायनल होती. तिकडे रेफरी कमी पडतात, म्हणून मूलहून मास्टरांना बोलावणं असायचं. ते कोर्टावर पोचले तेव्हा एक माणूस लगबगीनं पुढे आला. लच्छू गावडे. एटापल्लीच्या पलीकडे जंगलात एक आश्रमशाळा आहे, तिथला खेळाचा शिक्षक.

"वळखलं का, सर? आठ वर्साआंधी एटापल्लीले तुमी दोन दिवस आमाले शिकवाले आले होते. मी समोरच बसलो होतो."

मास्टरांना काही आठवलं नाही, पण ते हसले. लच्छूच्या मागे दहा पोरी उभ्या होत्या. त्यांच्या जर्सीवरचे आकडे हातानं टाचलेले आहेत हे मास्टरांच्या शिंप्याच्या नजरेला लगेच दिसलं. टाके सरळ होते.

"ते उंच पोरगी दिसते नं, ते बुधरी," लच्छू हळूच म्हणाला. "बारावीले हाय. आज जिंकलो तं विभागाले नागपूरले जातो. तिथी एका कॉलेजचे सर पोरी पाहाले येऊन राह्यले. ज्या पसंद पडल्या त्यायचं होस्टेल, शिक्षन, सारं कॉलेज पाहते. नाई तं बारावी झाली का तिले घरी बलावलं हाय. एकदा घरी गेली तं मंग संपलं, सर."

"हे मले काऊन सांगता, भाऊ? रेफरीले असं काई सांगाचं नसते."

"चुकलं, सर," म्हणून लच्छू मागे सरला. पण ऐकलेलं ते ऐकलेलंच. मास्टर कोर्टाच्या मध्यावर गेले तेव्हा त्यांचा जीव उगाच जड झाला होता.

समोर शहरातली एक मोठी शाळा होती. पोरी तयार, बूट नवे, आणि त्यांचा कोच कुलदीप प्रत्येक शिट्टीला बाकावरून उठायचा. दुसरा रेफरी धनराज, चंद्रपूरचा तरुण शिक्षक, कामात बरा होता. खेळ सुरू झाला आणि दोनच मिनिटांत मास्टर चमकले. बुधरीचा कोपर समोरच्या पोरीच्या खांद्याला लागला. मास्टरांनी शिट्टी ओठाला लावली, पण त्याआधीच बुधरीचा उजवा हात सरळ वर गेला होता. थोड्या वेळानं दिव्याचाही गेला. दिव्या म्हणजे बुधरीची जोडीदारीण, ठेंगणी आणि चपळ. ज्या पोरीकडून चूक व्हायची ती हात वर करून उभी राहायची, तोंड वाकडं न करता.

मधल्या सुट्टीत मास्टरांनी लच्छूला गाठलं. "हे हाताचं कोनं शिकवलं?"

लच्छू बुचकळ्यात पडला. "तुमीच तं सांगतलं होतं. मी इचारलं होतं, आमच्याकडं रेफरी कुठून आनू? तं तुमी म्हनले, ज्याची चूक होईन त्यानं हात वर कराचा, आन् हात दिसला का ज्याच्यापाशी बॉल हाय त्यानं बॉल खाली ठेवाचा. आमी तसंच खेळतो. आमच्या मैदानावर शिट्टीच नाई, सर."

आता मास्टरांना आठवलं. त्यांच्या तरुणपणी फाऊल दिला की खेळाडूनं हात वर करायचा अशी पद्धत होती. ती केव्हाच गेली. एटापल्लीत चहा पिता पिता त्यांनी तिलाच थोडं वाढवून सांगितलं असणार, समोरच्याचं समाधान व्हावं म्हणून. आणि या लोकांनी आठ वर्षं ते पाळलं होतं. जंगलातल्या सारवलेल्या मैदानावर, सागाच्या बल्लीला ठोकलेल्या रिंगखाली, कोणी पाहत नसताना पोरी आपली चूक आपण सांगत होत्या. मास्टरांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी आपलं म्हणणं खरं मानणारं भेटलं होतं.

धनराज जवळ येऊन म्हणाला, "सर, यायले सांगा नं, हात वर करू नका म्हना. आपल्याले न दिसलेले फाऊल बी यायच्याच नावावर चढून राह्यले. बुधरीचे चार झाले. अजून एक झाला तं बाहीर."

"राहू दे," मास्टर म्हणाले.

इथे मास्टर चुकले. दोन वाक्यं सांगायची होती: पोरींनो, आज शिट्टी आहे, आज हात नको. ती त्यांनी सांगितली नाहीत, कारण ते हात त्यांना बघायचे होते. भुकेल्या माणसाला दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेतोय हे कळत नाही, तसं काहीसं झालं त्यांचं.

शेवटच्या मिनिटाला आश्रमशाळा एकतीस, शहरवाल्या तीस. सहा सेकंद उरले होते. शहराच्या नऊ नंबरच्या पोरीनं बॉल घेतला आणि बुधरीला चुकवत उडी मारली. मास्टर तेव्हा रिंगखाली दिव्याकडे बघत होते. ती आणि समोरची पोरगी जागेसाठी एकमेकींना रेटत होत्या आणि ते बघणं त्यांचंच काम होतं. धनराजच्या आडव्या दोन पोरी आल्या. बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. दिव्यानं तो उडी मारून पकडला. चार सेकंद. दिव्यानं बॉल नुसता छातीशी धरून ठेवला असता तरी नागपूर पक्कं होतं.

तेवढ्यात बुधरीचा हात वर गेला.

दिव्यानं तो पाहिला आणि बॉल जमिनीवर ठेवला. अगदी अलगद, चुलीवरून उतरवलेलं भांडं ठेवावं तसा. विचार करायला वेळच नव्हता. इतकी वर्षं हात दिसला की ती तेच करत आली होती. शहराची एक पोरगी बॉलकडे धावली आणि मास्टरांनी शिट्टी फुंकली.

सगळं मैदान थांबलं. कुलदीप ओरडला, "हात वर आहे तिचा, बघा, सगळ्यांनी बघा." धनराजनं मास्टरांकडे पाहून मान हलवली: मला दिसलं नाही. मास्टरांनाही दिसलं नव्हतं. नियम त्यांना तोंडपाठ होता. शिट्टी चुकून वाजली म्हणायचं, आणि बॉल ज्यांच्याकडे होता त्यांना परत द्यायचा. दिव्याला. चार सेकंद. कुलदीपनं आभाळ डोक्यावर घेतलं असतं, चार दगडही आले असते, पण ते काही नवीन नव्हतं. जे पाहिलं नाही ते फुंकायचं नाही, हे सव्वीस वर्षांचं त्यांचं इमान होतं.

पण समोर बुधरी हात वर करून उभी होती आणि मास्टरांकडे बघत होती. तिला काही शंका नव्हती. ती म्हणत होती की माझा हात तिच्या मनगटाला लागला, आणि तुम्हीच शिकवल्याप्रमाणे मी ते सांगते आहे. तिला आता नाही म्हणायचं म्हणजे सगळ्यांदेखत तिला खोटं पाडायचं. शिवाय लच्छूचं ते बोलणं कानात होतंच. बॉल दिव्याला दिला तर तो नियमानं दिला की दयेनं, हे मास्टरांना स्वतःलाच कळलं नसतं. त्या भीतीनंच त्यांचा हात उचलला गेला. त्यांनी बुधरीच्या नंबरचा फाऊल दाखवला. पाचवा. तिला बाहेर जायची खूण केली आणि नऊ नंबरच्या पोरीला दोन फेकी दिल्या.

दोन्ही रिंगमध्ये पडल्या. एकतीस, बत्तीस. उरलेल्या चार सेकंदांत बुधरीशिवाय काही होण्यासारखं नव्हतं आणि काही झालंही नाही.

नंतर मास्टर पायरीवर बूट सोडत बसले. पलीकडे आश्रमशाळेच्या पोरी सामान भरत होत्या. बुधरी एका टोकाला एकटी होती. तिच्या शेजारी कोणी बसायला तयार नव्हतं. लच्छू भिंतीकडे तोंड करून उभा होता. दिव्याचा आवाज आला. "तुले कोनं सांगतलं होतं हात वर कराले? त्यायले दिसलंच नोतं. कोनालेच दिसलं नोतं. तू आमाले बुडवलं."

मास्टर अनवाणीच उठले आणि पोरींपुढे जाऊन उभे राहिले.

"मले दिसलं होतं," ते म्हणाले. "तिनं हात वर नसता केला तरी मी फाऊल देनारच होतो. तिले बोलू नका."

दिव्यानं त्यांच्याकडे वर पाहिलं आणि ती त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर थुंकली. मग वळून तिनं बुधरीला आपली पाण्याची बाटली दिली. दुसरी एक पोरगी बुधरीजवळ सरकून बसली. मास्टरांना क्षणभर हायसं वाटलं. एवढ्याचसाठी रेफरी असतो की काय, असं त्यांच्या मनात आलं. हरलेल्यांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून मधे एक माणूस उभा करायचा, ज्याला सगळ्यांना मिळून शिव्या देता येतात. असेल तर असो, पत्करलं.

गाडीत बसायच्या आधी पोरी रांगेनं हात मिळवायला आल्या. दिव्या आली नाही. बुधरी सगळ्यात शेवटी आली.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "तुमी तं दिव्याकडं पाहून राह्यले होते. तुमचं तोंड तिकडं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्टरांना तो सवयीचा होता.

"मंग दिसलं म्हनून काऊन सांगतलं?"

मास्टरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. मग ती गाडीत चढली आणि खिडकीशी न बसता आतल्या बाजूला बसली.

घरी कनीजनं नेहमीसारखं विचारलं, "कितनी खायी आज?"

"आज कोनी काईच नाई म्हनलं," मास्टर म्हणाले, आणि जेवले नाहीत.

आता हा माणूस शिट्टी ठेवून देईल असं कनीजला वाटलं होतं. त्यांनाही वाटलं होतं. पण पुढच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत गडचिरोलीहून फोन आला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. ते हात पुन्हा एकदा दिसावेत, एवढीच आशा होती. म्हातारपणी माणूस फार थोडं मागतो, पण ते मिळतंच असं नाही.

लच्छू भेटला, त्यानं नमस्कार केला. मास्टरांनी बुधरीचं विचारलं.

"घरीच हाय," लच्छू म्हणाला. "कापनीले जाते."

खेळ सुरू झाला. आश्रमशाळेकडून दीपिका नावाची नववीतली पोरगी खेळत होती, उंच, बुधरीच्याच नंबरची जर्सी घातलेली. टाके सरळ. पहिल्याच धावपळीत तिचा हात समोरच्या पोरीच्या मनगटावर बसला. चट् असा आवाज झाला. मास्टर समोरच होते, त्यांना स्वच्छ दिसलं. तरी ते एक क्षण थांबले, शिट्टी ओठात धरून, तिचा हात वर जाण्याची वाट बघत.

दीपिकानं हात खाली घेतला आणि चटकन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. यांना दिसलं की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. ही नजर मास्टरांच्या ओळखीची होती. इतकी वर्षं प्रत्येक मैदानावर त्यांनी ती पाहिली होती, फक्त या पोरींच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

त्यांनी शिट्टी फुंकली. दीपिका दोन्ही हात पसरून म्हणाली, "मी काई नाई केलं, सर."