बाबागाडीचं वळण

प्लॉट कसला, दोन इमारतींच्या मधली फट! त्या फटीत बावीस मजले उभे करायचे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यातला प्रकार. पण तिनं ओवला होता. आर्किटेक्ट म्हणून बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे तिचं पहिलंच काम. चार वाजता बिल्डर नकाशांवर सही करायला येणार होता.

तीनलाच सासूबाई लेकीला घेऊन ऑफिसच्या दारात हजर. "पाळणाघर बंद, आणि माझी दाताच्या डॉक्टरांची वेळ झालीय. सांभाळ गं तुझं रत्न!"

रत्न बाबागाडीत अंगठा चोखत होतं. ऑफिसच्या फरशीवर नव्या इमारतीतली लिफ्टसमोरची जागा चिकटपट्टीनं खऱ्या मापात आखलेली. साहेबांची ही जुनी शिस्त: कागदाला नको, पायांना विचारा. लेकीला रमवायला तिनं गाडी लिफ्टच्या चौकोनातून काढली, घराच्या दाराकडे वळवली. चाक पट्टीवर. पुन्हा वळवली. पुन्हा चाक पट्टीवर.

पट्टी म्हणजे भिंत, आत पाण्याचे पाइप. नकाशात ते तिथं तिनंच बसवलेले.

बोलावं तर हात दाखवून अवलक्षण. 'मूल झाल्यापासून हिचं लक्ष नाही' हे आलंच. गप्प बसावं तर बावीस मजल्यांवरच्या आया एका कडेवर मूल नि एका हातात गाडी घेऊन जन्मभर आपल्याला शिव्या घालणार.

चारला बिल्डरनं पेनाचं टोपण काढलं.

"थांबा. नकाशात चूक आहे. माझीच."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "सहीच्या वेळी सुचलं?"

"ही गाडी लिफ्टपासून दारापर्यंत नेऊन बघा ना."

"एवढंच?" बिल्डर हसत पुढं झाला. गाडी तिरकी केली, मागं घेतली, उचलायला गेला नि कंबर धरून उभा राहिला. लेक खिदळून टाळ्या पिटायला लागली.

"पट्टी ओलांडायची नाही हं," साहेब म्हणाले.

"मग पाडा की ही भिंत!"

"पाइप जिन्याच्या बाजूला नेते," ती म्हणाली. "आठवडा द्या."

बिल्डरनं घाम पुसला, पेनाला टोपण लावलं. "दिला. आठवा दिवस मागू नका."

तो गेल्यावर साहेबांनी वाकून पट्टी उखडली आणि गुंडाळी तिच्या हातात दिली.

"नवीन आखणी झाली की या बाईंना परत घेऊन ये," ते बाबागाडीकडे बघत म्हणाले. "तपासणी कडक आहे त्यांची."