बाडांच्या ढिगावरचा दगड

दगडाला त्याची हकिगत कोणी विचारत नाही, मित्रांनो, म्हणून न विचारताच सांगतो. मी एका प्रकाशकाच्या कचेरीतला जुना दगड आहे. लेखकांनी छापण्यासाठी पाठवलेल्या लिखाणाला आमच्याकडे बाड म्हणतात. त्या बाडांचा ढीग पंख्याच्या वाऱ्याने उडू नये, एवढ्यासाठी माझी त्यावर नेमणूक झाली होती.

जन्माने मी इतका किरकोळ नव्हतो. शिळाप्रेसवरच्या एका भल्यामोठ्या शिळेचा मी कोपरा आहे. खाणीतून आणल्यावर वाळू आणि पाणी घालून मला दुसऱ्या दगडावर घासले, ते पार बोट घसरेपर्यंत. मग लेखनिक माझ्यावर तेलकट शाईने अक्षरे लिही. ती आरशात दिसावीत तशी उलटी असत; वर कागद दाबला की सरळ उमटत. त्यामुळे मी वाचायला शिकलो तोच उलटा, आणि विद्वानांचे वाङ्मय उलटे वाचल्याने फारसे काही बिघडत नाही, हे मला फार लवकर कळले. माझ्या अंगावरून व्याकरणे गेली, शब्दकोश गेले, एका पंडिताने दुसऱ्या पंडिताला दिलेली सडेतोड उत्तरे गेली. मुद्रक माझ्यावरून हात फिरवून म्हणे, "या दगडाला अक्षर कळतं." ही माझी आयुष्यातली एकमेव पदवी.

पुढे नवी यंत्रे आली. आम्हाला हलवताना हातगाडी कलंडली आणि शिळेचे तुकडे झाले. मालकांच्या वडिलांनी त्यातला हा कोपरा उचलून संपादकबाईंच्या टेबलावर ठेवला. तिथे मी सरळ अक्षरे वाचायला शिकलो. ते शिक्षण अधिक क्लेशकारक होते.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण मोठेपणी लेखक होणार. कोणी कितीही समजावले तरी होणारच. म्हणून मी काय काय पाहिले ते ऐकून ठेवा. लोक बाडाला मखमली कापडात गुंडाळून पाठवत. सोबत हनुवटीखाली मूठ टेकवलेले स्वतःचे छायाचित्र जोडत. 'माझ्या सर्व नातेवाइकांना हे लेखन अतिशय आवडले आहे' असे लिहून देत. जणू नातेवाइकांपुढे दुसरा पर्याय होता. बाड सकाळी टपालात टाकून संध्याकाळी फोन करत, की वाचून झाले का. स्वतःचे लिखाण एकदा, फक्त एकदा, मोठ्याने वाचून पाहावे, हे मात्र शंभरात एखाद्याला सुचे. ज्याला ते सुचले त्याचे पान मला पोटाखाली घेताक्षणी ओळखू येई. तिथे श्वास घ्यायला जागा असे.

संपादकबाई कडक होत्या आणि न्यायी होत्या. त्यांच्याकडे ओळख चालत नसे, चिठ्ठीचपाटी चालत नसे. ढिगात जे बाड सर्वांत वर, ते आधी वाचायचे. नवे येईल ते तळाशी सरकवायचे. आणि बाड दिल्यावर ज्याने त्यातले पान बदलले, त्याचे बाड आजच आले असे समजून पुन्हा तळाशी जायचे. त्यांचे म्हणणे असे, की ज्याचे लिहून झालेले नाही त्याने रांगेत उभे राहू नये. हा नियम त्यांनी एका पाटीवर लिहवून घेऊन दाराजवळच्या भिंतीवर लावला होता. पण दार आत उघडे. उघडले की पाटी दाराआड जाई, आणि कचेरी चालू असताना दार उघडेच असे. म्हणजे कचेरी बंद असताना आत असलेल्या माणसालाच ती पाटी वाचता आली असती. इतक्या वर्षांत ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही. सुशिक्षितांच्या कचेऱ्या अशाच चालतात.

बाड घेणारे कारकून सदा ओठांत टाचणी धरून असत, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. नियम पाळणे हे त्यांचे काम होते. नियम सांगणे हे पाटीचे.

अशा ठिकाणी एके दिवशी एक बाई आली. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करी. आईच्या जाण्यानंतरच्या घराविषयी तिने कादंबरी लिहिली होती. टाचणीकाका बाड तळाशी सरकवण्याआधी टेबलावर माझ्या शेजारी ठेवत, तेव्हा मी पहिले पान वाचले. 'आई गेली त्या दिवशी घरात पाहुणे इतके झाले, की रडायला जागा उरली नाही.' साधे वाक्य होते. मी ते पुन्हा वाचले. दगडाला हुरूप येतो, हे मला त्या दिवशी समजले.

बाड हळूहळू वर चढू लागले. ते ढिगाच्या मध्यावर आले, आणि जिन्यात तिची पावले वाजली. सोबत तिची नणंद होती. दोघी बाकावर बसल्या.

"वहिनी, पाकीट असं काय धरलंयस? कुणाचा वाईट रिपोर्ट घेऊन आल्यासारखं."

"गप गं. पहिलं पान नवं लिहिलंय. कार्यशाळेतले सर म्हणाले, पहिल्याच वाक्याने वाचकाची मान पकडायला पाहिजे."

"मान कशाला पकडायची? तो काय पळून चाललाय?"

टाचणीकाकांनी ओठांतली टाचणी काढली. "आणा बाई. पान बदलायचं ना?"

"चालेल ना काका?"

"न चालायला काय झालं? लोक अख्खी पुस्तकं बदलतात."

त्यांनी ढिगातून बाड उपसले, नवे पान लावले आणि बाड तळाशी घातले. ती हसत जिना उतरली. नव्या पानावर क्षितिज होते, त्यावर रक्तिमा सांडला होता, आणि आईचा पत्ता नव्हता.

वाचकाची मान पकडणाऱ्या त्या सरांविषयी एवढेच सांगतो, की त्यांचे स्वतःचे बाडही माझ्याखाली येऊन गेले होते. संपादकबाईंची मान त्यांच्या हाती लागली नव्हती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लिहायला शिकवू नये, असा कायदा नाही. असता, तर बरीच सभागृहे ओस पडली असती.

बाड पुन्हा वर आले, आणि ती पुन्हा आली. या खेपेला पान 'मृत्यू म्हणजे काय?' या प्रश्नाने सुरू होत होते. उत्तर पानभर नव्हते.

"हे सरांनी सांगितलं, ते भावजींनी सांगितलं, शेजारच्या काकूंनी आणखी काही सांगितलं," नणंद म्हणाली. "तुला काय वाटतं ते कुणी विचारलं का?"

"मीच लिहिलंय ना ते. मग मला कसं कळणार?"

मित्रांनो, इतके करुण वाक्य कुठल्याही बाडात माझ्या वाचनात आलेले नाही. तिच्या डोळ्यांखाली काळे पडले होते. रात्रंदिवस ते एकच पान तिला खात असावे. आणि मला भीती खाऊ लागली. तिचे बाड वर सरकले की मी जिन्याकडे कान लावी. ही आली तर पुन्हा तळाशी जाणार, आणि आपल्याच हाताने आपण मागे जातो आहोत हे हिला कोणी सांगणार नाही. मला ठाऊक होते. पण मला तोंड नव्हते. नुसते वजन होते.

अशातच संपादकबाईंच्या निवृत्तीची तारीख जवळ आली. त्यांच्या जागी मालकांचा भाचा येणार होता. एक दिवस तो टेबलाची लांबीरुंदी मोजायला आला.

"मॅडम, हा ढीग नंतर कुठे ठेवायचा?"

"तो वाचायचा असतो."

"नाही, म्हणजे जागेच्या दृष्टीने विचारतोय. मला वाटतं, उरलेलं सगळं न उघडता परत पाठवून देऊ. ईमेलने पाठवा म्हणावं."

"न उघडता?"

"उघडलं की वाचावं लागतं, मॅडम."

तेव्हापासून संपादकबाई झपाट्याने वाचू लागल्या. तिचे बाड एकेक जागा वर येत होते. मी बाडे मोजत नव्हतो, कारण मोजायचे धैर्य नव्हते. शेवटून दुसऱ्या दिवशी, दुपारनंतर, वरचे बाड हातावेगळे झाले आणि माझ्या पोटाखाली 'मृत्यू म्हणजे काय?' आले. ते पान वाईट होते. पण संपादकबाई पान वाईट आहे म्हणून बाड बंद करत नसत; निदान पुढची काही पाने तरी त्या देत. एवढे मिळाले तरी पुरे होते. त्यांनी चष्मा पुसला. हात माझ्याकडे येऊ लागला.

तेवढ्यात जिन्यात पावले वाजली.

टाचणीकाका चहाला गेले होते. ती एकटीच आली होती आणि हातात पाकीट होते. "पान बदलायचं होतं. काका नाहीत का?"

"बाहेर गेलेत. कुठलं बाड?"

तिने माझ्याकडे बोट दाखवले.

संपादकबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. "हे मी आत्ता वाचायला घेत होते."

"बरं झालं बाई. वेळेवर पोचले म्हणायची."

"पाटी वाचली नाहीत का?"

"कुठली पाटी?"

संपादकबाईंनी बोटाने दाराकडे दाखवले, आणि बोट तसेच हवेत राहिले. मग त्या उठल्या, त्यांनी दार लोटले. मागची भिंत उघडी पडली. पाटीवर जाळे धरले होते. बाईने ती वाचली. वाचून संपल्यावरही ती तिकडेच पाहत राहिली.

"म्हणजे दर वेळी मी..."

"दर वेळी. पाटी दाराआड जाते हे मला दिसायला हवं होतं. ती चूक माझी."

"आता मी तळाशी गेले, तर परत वर यायला किती दिवस?"

"उद्या माझा शेवटचा दिवस. त्यानंतर जे उरेल ते न वाचता परत जाईल."

ती बाकावर बसली. "मग राहू दे. आहे तेच वाचा." पण हात पुढे आला आणि आखडला. "नाही हो. ते पान वाईट आहे. मला आता दिसतंय."

"आणि पाकिटातलं चांगलं आहे?"

"सर चांगलं म्हणाले."

"मी तुमच्या सरांचं बाड वाचत नाहीये."

तिने पाकीट काखेत धरले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "एकदा नियम बाजूला नाही ठेवता येणार? चूक तुमची म्हणालात ना?"

"चूक माझी आहे. पण तुमच्या खाली जे आहेत, त्यांची नाही. त्यांना का मागे ढकलू?"

या उत्तराचा मला संताप आला, आणि ते बरोबर असल्यामुळे अधिकच आला. बाहेर कोणीतरी जिना चढत होते. टाचणीकाका असते, तर त्यांनी पाकीट घेतले असते, बाड उपसले असते आणि हसतमुखाने तिला तळाशी घातले असते. पावले आमच्या मजल्यावर रेंगाळली आणि वर निघून गेली.

"पान बदललं तर नियम," ती म्हणाली. "काढलं तर?"

संपादकबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "काढायला नियम नाही. आजवर कुणी काढलंच नाही."

ती उठली. तिने मला डाव्या हातात उचलले. रोज लोकांच्या शिरा शोधणारा तो हात. उजव्या हाताने तिने दोरी सैल केली, पहिले पान ओढून काढले आणि ते पाकिटासकट पिशवीत कोंबले. खाली दुसरे पान होते. इतक्या सल्ल्यांमध्ये त्याच्याविषयी कोणी एक अक्षर उच्चारले नव्हते, म्हणून ते जसेच्या तसे राहिले होते. संपादकबाईंनी बाड उचलले. मी तिच्या मुठीतून ते वाचले.

'शिवाय, दूधवाल्याला कोणी सांगितलेच नाही. त्यामुळे आईच्या वाटणीचे दूध दारात येत राहिले, आणि रोज सकाळी कोणीतरी मुकाट्याने ते तापवत राहिले.'

तिने मला इतके घट्ट आवळले होते, की तिच्या घामाने मी ओला झालो. संपादकबाईंचा चेहरा कोरा होता. त्यांचे डोळे पानाच्या तळाशी पोचले. तिथे थांबले. मग त्यांनी पान उलटले.

"तुम्ही जा आता," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लेखक समोर उभा असला की मला वाचता येत नाही."

मला ठेवायला ढिगावर हात घालावा लागला असता, आणि तेवढीही हालचाल करायचा तिला धीर झाला नाही. तिने मला खिडकीत ठेवले आणि ती पाऊल न वाजवता जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी निरोपसमारंभात मालक भाषण करत होते, आणि संपादकबाई कोपऱ्यात बसून त्या बाडावरचा आपला अभिप्राय लिहीत होत्या. तो त्यांचा शेवटचा अभिप्राय. पुस्तक निघाले. ते 'शिवाय' या शब्दानेच सुरू होते. कार्यशाळेतले सर आता ते वाक्य फळ्यावर लिहून देतात आणि वाचकाची मान कशी पकडावी हे समजावतात, असे नणंदच परवा इथे येऊन सांगून गेली. ढिगात त्या कादंबरीच्या खाली जी बाडे होती, त्यांतली बहुतेक भाच्याने न उघडता परत पाठवली. त्यांत काय होते हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

मला पुन्हा कोणी कागदावर ठेवले नाही. माझ्यावर धूळ बसते, पण त्याची तक्रार नाही. दगडाला धूळ शोभते. मित्रांनो, तुम्हाला एवढेच विनवतो. लिहाल तेव्हा आपलेच पान आपल्या कानांनी ऐका आणि मग त्यावर विश्वास ठेवा. दहा जणांच्या बोटांनी पुसलेल्या पानावर अखेर बोटांचेच ठसे उरतात. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या टेबलाच्या पलीकडे बसलाच, तर एकदा उठून आपल्या दाराच्या मागे पाहून या.