पाचशे मीटरवरचे मेंढे

ट्रूडीने फुंकणी बंदुकीच्या मागच्या तोंडात बसवली आणि नळीत सावकाश तीन श्वास सोडले. पुढच्या टोकातून करडा वाफारा बाहेर पडला. काळ्या दारूची बंदूक प्रत्येक बार काढला की काजळी धरते. ती काजळी श्वासाने ओली केली नाही तर पुढची गोळी वाट्टेल तिकडे जाते.

"अजून एक," शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेला आर्ने म्हणाला. "हवा कोरडी आहे आज. चिक्कूपणा करू नकोस, श्वास फुकटचा असतो."

तिने चौथाही सोडला. मग बोटाएवढं पितळी काडतूस आत सरकवलं, दांडी वर ओढून बंद केली आणि दोन काठ्यांच्या कैचीवर नळी टेकवली. समोर पावणेचारशे मीटरवर, कोरड्या टेकाडाच्या पोटाशी निशाणाचे पाच लोखंडी टर्की पक्षी ओळीने उभे होते. डावीकडून उजवीकडे, एकेकाला एकेक गोळी. तिने चाप ओढला. खांद्याला धक्का बसला आणि समोरचं सगळं जग पांढऱ्या धुरात गेलं. गोळी कुठे गेली हे मारणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून तर शेजारी दुर्बीणवाला लागतो. तो सांगेल ते खरं.

"डावीकडे गेली," आर्ने म्हणाला. "हातभर. नेमपट्टी दोन रेघा उजवीकडे घे."

तिने स्क्रू फिरवला आणि दुसरी गोळी मारली.

"आता उजवीकडे. चांगलीच उजवीकडे."

ट्रूडी वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसत होती, तिचा हिशेब पक्का होता. दोन रेघांनी गोळी एवढी सरकत नाही. पण आर्ने या मैदानावर एकतीस वर्षं बसत होता आणि ती ऑक्टोबरपासून. तिने मुकाट्याने एक रेघ मागे घेतली. तिसरी गोळी म्हणे वरून गेली. चौथी पुन्हा डावीकडून. पाचवीला तिने नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि वारा पडायची वाट बघत थांबली. तेवढ्यात पलीकडच्या जागेवरच्या माणसाने बार काढला. त्याचा धूर दोघांच्या अंगावरून वाहत गेला.

"खाली," आर्ने म्हणाला. "वीतभर खाली लागली बघ."

ट्रूडीचं बोट चापावरच होतं. तिची गोळी अजून बंदुकीतच होती.

तिने वळून पाहिलं. आर्ने दुर्बिणीचं कडं फिरवत होता. पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि त्याचा हात कुठेच थांबत नव्हता. तिने घाईघाईने पाचवी गोळी मारून टाकली, कुठे गेली ते विचारलंही नाही.

मागे टेबलाशी बसलेल्या मेव्हिसने वहीत पाच शून्यं काढली. मेव्हिस क्लबची चिटणीस होती, आणि कोणाला काय लागलं हे ओरडून सांगायची तिला हौस होती. पण आज ती काही बोलली नाही. तेच ट्रूडीला जास्त लागलं.

जेवणाची सुट्टी झाली. मेव्हिसने गाडीच्या मागच्या फळीवर हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड आणि कॉफीचा मोठा थर्मास मांडला होता. आर्ने आपल्या ट्रककडे गेला. बोटांनी दरवाज्याची कड चाचपत त्याने मूठ शोधली. हे तो हिवाळाभर असंच करत असणार. शिसं वितळवताना, त्यात कथील घालताना, लांब पितळी नळीतून दारूचे दाणे पुंगळीत ओतताना तो तिला म्हणायचा, "तू ओत, मी ऐकतो. दाणे नीट बसले की आवाज बदलतो." तिला वाटलं होतं, मोठा उस्ताद आहे, कानाने काम करतो.

"ट्रूडी," डॅरिल सँडविच चावत जवळ आला. डॅरिल धान्याच्या कोठारावर काम करायचा, आणि गेली तीन वर्षं क्लबचा चषक त्याच्याच घरी होता. "मेंढ्यांना मी बसतो तुझ्याशेजारी. माझी पाळी झाली. म्हातारा तुला अंदाजपंचे दाहोदरसे सांगतोय."

"तुला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. मागच्या महिन्यात त्याने माझ्या कुत्र्याला मेव्हिस म्हणून हाक मारली."

"मग कोणी बोललं का नाही?"

डॅरिलने खांदे उडवले. "तू बोल ना. तू घरची आहेस."

घरची. ट्रूडीने कॉफीचा कप तसाच ठेवला. आर्नेचा मुलगा कर्ट, म्हणजे तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी अलास्काला मासळीच्या कारखान्यात गेला, तिथेच त्याचं दुसरं कोणाशी जमलं, ते त्याने लपवलं, आणि शेवटी गेल्या वर्षी घटस्फोटाचे कागद टपालाने आले. ते पाकीट ट्रूडीने स्वतःच्याच खिडकीत सही करून घेतलं. नवरा गेला, पण सासरा तीन रस्ते सोडून तिथेच राहत होता. त्याला ती लग्नापासून पॉप, म्हणजे बाबा, म्हणायची, अजूनही म्हणायची. मात्र कोणी "हे तुझे कोण?" असं विचारलं की तिची जीभ अडखळायची. शेवटी दर शनिवारी त्याच्याकडे जायला काही कारण हवं म्हणून तिने त्याला म्हटलं होतं, मला तुमची ती बंदूक शिकवा. बंदुकीची तिला तेव्हा काडीची आवड नव्हती. आता मात्र होती. आणि आता खरं बोललं तर म्हातारा दुर्बीण उचलून घरी जाईल, दार लावून घेईल आणि शनिवार संपतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ती ट्रकशी गेली. आर्ने पायरीवर बसून सँडविचचा कागद सोडवत होता.

"पॉप, मघाशी तुम्ही खाली लागली म्हणालात ना, तेव्हा मी बार काढलाच नव्हता."

आर्नेचे हात थांबले.

"शेजाऱ्याच्या गोळीची धूळ असणार," तो म्हणाला.

"हो."

"नवखी माणसं करतात ही चूक. पहिल्या दिवशी." त्याने कागद चुरगळला. "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. डॉक्टर म्हणतो अर्ध्या तासाचं काम."

"मग?"

"मग काय? माझ्या भावाचा डोळा असाच गेला. अर्ध्या तासाचंच काम होतं."

"कधी?"

"एकोणीसशे सत्तरमध्ये."

"पॉप, सत्तरमध्ये माझ्या आईचे दातसुद्धा न्हाव्याने काढले असते!"

त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "जा, डॅरिलला घे. तो चांगला बघतो. मी इथे बसतो."

ट्रूडीला एकदम राग आला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. "मी नाही घेणार डॅरिलला. तुम्हाला जेवढं कळतं तेवढं सांगा. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणा. पण खोटं सांगू नका मला. एकाने तीन वर्षं सांगितलंय तेवढं पुरे."

हे बोलायचं नव्हतं, पण बोलून झालं. आर्नेने तिच्याकडे, म्हणजे ती जिथे उभी होती त्या दिशेने, बघितलं. मग तो उठला, दुर्बिणीची तिवई काठीसारखी काखेत मारली आणि तिच्या मागोमाग चालू लागला.

पाचशे मीटरवर पाच लोखंडी मेंढे उभे होते. इथून नखाएवढे. ट्रूडी जमिनीवर बसली, कैची रोवली. बाकीच्यांचे बार केव्हाच आटपले होते. मैदानावर आता ती एकटीच होती, आणि मागे खुर्च्यांवर सगळा क्लब. मेव्हिसने घड्याळ दाबलं.

पहिला बार झाला. धूर उडून गेला. टेकाडावरून लोखंड वाजल्याचा आवाज आला नाही.

"दिसलं नाही," आर्ने म्हणाला.

तो हळू बोलला नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं. त्याचे कान लाल झालेले ट्रूडीने पाहिले. तिने फुंकणी उचलून श्वास सोडायला सुरुवात केली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

"दीड हात कमी पडली," मागून डॅरिलचा आवाज आला. त्याने आपली दुर्बीण लावली होती. "बाकी सरळ होती."

मेव्हिस खाकरली. नियमाप्रमाणे प्रत्येकाला एकच दुर्बीणवाला. पण तिने कानांवरची झाकणं दोन्ही हातांनी दाबून बसवली आणि कोणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाली, "ही झाकणं फार चांगली आहेत बाई. काही म्हणता काही ऐकू येत नाही."

ट्रूडीने पट्टी वर घेतली. दुसरी गोळी.

"दिसलं नाही."

"उंची बरोबर. उजवीकडे वाहून गेली, दोन हात."

"वाऱ्याने," आर्ने म्हणाला. त्याने दुर्बीण बाजूला सारली, टोपी काढली आणि तोंड वाऱ्याकडे केलं. "पट्टीला हात लावू नकोस. आता मी सांगेन तेव्हाच मार."

तिसरं काडतूस आत गेलं. ट्रूडीने नळीच्या टोकावरची नेमाची माशी तिसऱ्या मेंढ्याच्या पोटावर आणली. वारा डाव्या गालावर होता, अंगातल्या शर्टाची बाही फडफडत होती.

"थांब," आर्ने म्हणाला.

मेव्हिसचं घड्याळ टिकटिकत होतं.

"थांब. हा झोत मोठा आहे, जाऊ दे याला. याच्यामागे एक लहान आहे, तोही जाऊ दे." त्याचा आवाज गोठ्यातल्या जनावराशी बोलावं तसा होता. "आता खाली बसेल. बसतोय. बसला. मार."

बार झाला. धुरात ट्रूडीला काहीच दिसेना. तिने मनात एक म्हटलं, दोन म्हटलं. तीन म्हणायच्या आत टेकाडावरून घंटेसारखा एक जाडसर टणत्कार आला.

"पोटात," आर्ने म्हणाला. "पडला."

"पडला!" डॅरिल ओरडला, आणि मागे सगळ्या खुर्च्या वाजल्या. कोणीतरी शीळ घातली. ट्रूडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांना काजळी होती, ती गालभर झाली.

चौथी घाईत गेली, ती चूक तिचीच होती. पाचवीला त्याने पुन्हा तिला थांबवलं, इतका वेळ की मेव्हिस खुर्चीत चुळबुळू लागली. मग 'मार' म्हणाला. यावेळचा आवाज बारीक आणि चिरका आला.

"शिंगाला," आर्ने म्हणाला. "उभाच आहे तो."

डॅरिलने दुर्बिणीतून बघितलं आणि मग दुर्बिणीवरून म्हाताऱ्याकडे. "शिंगालाच. म्हाताऱ्या, हे तुला दिसलं?"

"दिसतंय कुठे? वाजलं ना."

पडला नाही म्हणून त्याचे गुण शून्य. सकाळच्या जवळच्या निशाणांचे तीन धरून दिवसाचे एकूण गुण चार, आणि बारा जणांत नंबर बारावा. मेव्हिसने तो आकडा असा ओरडून सांगितला की जणू चषकच दिला.

संध्याकाळी दोघं ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बंदूक धूत होते. काळ्या दारूची बंदूक त्याच दिवशी धुतली नाही तर सकाळी गंज धरते. ट्रूडी थर्मासातलं कढत पाणी नळीत ओतत होती, आर्ने गजाला चिंधी लावून आतून ओढत होता. पहिली चिंधी डांबरासारखी काळी आली, मग करडी.

"आता स्वच्छ आहे का?" त्याने चिंधी पुढे करून विचारलं.

"अजून एक."

त्याने आणखी एक ओढली. मग गज बाजूला ठेवून त्याने हात पुसले.

"भावाचं खरं आहे," तो म्हणाला. "पण ते कारण नाही."

त्याने शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. घड्यांवर तो मऊ पडला होता, बरेच दिवस खिशात असावा. "बिलिंग्ज शहरातल्या दवाखान्याचा. डोळ्याचं ऑपरेशन केलं की स्वतः गाडी चालवत घरी येऊ देत नाहीत. बरोबर कोणीतरी लागतं. नाव लिहायचं, फोन लिहायचा आणि नातं लिहायचं." त्याने कागदावर बोट फिरवलं. "कर्ट तिकडे. नाव नि फोन मी तुझाच लिहिला असता गं. पण त्या तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. मग नोव्हेंबर गेला, मग नाताळ गेला."

ट्रूडीने ओले हात पँटला पुसले आणि नेमपट्टीचे आकडे टिपायची पेन्सिल घेतली. कागद बंदुकीच्या दस्त्यावर ठेवून तिने नाव लिहिलं, फोन लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन्सिल जराशी अडली. मग तिने तिथेही लिहिलं, चांगलं ठळक, आणि कागद घडी घालून त्याच्या हातात दिला.

आर्नेने तो पुन्हा उलगडला. डोळ्यांशी नेला, लांब धरला, मावळत्या उजेडाकडे तिरपा केला.

"काय लिहिलंस?"

"सांगणार नाही," ट्रूडी म्हणाली आणि नळीत पाणी ओतायला लागली. "डोळा झाला की वाचा."