पहिल्या बेसजवळचा सोफा

सोफा दिसला तेव्हाच सुचेताचं डोकं फिरलं होतं. गोविंदपुऱ्याच्या मैदानावर मुलींच्या सॉफ्टबॉलचा अंतिम सामना, जिंकेल तो संघ राज्यस्पर्धेला जाणार, आणि प्रमुख पाहुण्यांचा मखमली सोफा मांडलाय कुठे, तर पहिल्या बेसशेजारी, रेषेबाहेर, ऐन पंचाच्या जागेवर. का, तर तिथे कडुनिंबाची सावली आहे. साहेबांना ऊन लागतं म्हणे.

तेव्हाच तोंड उघडायचं ना! पण पाहुणे म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कारखान्यातले मोठे साहेब. जितेंद्रने लांबूनच तिला हात जोडले, आणि वीस वर्षं पंचगिरी केलेली ही बाई मुकाट्याने सोफ्यामागे जाऊन उभी राहिली.

शेवटचा डाव आला. करोंदचा संघ एका रनने मागे, दोन बाद, बेसवर कोणी नाही; आणखी एक बाद की सामना संपला. जुईने चेंडू दुसऱ्या बेसच्या बाजूला मारला आणि जीव खाऊन पळाली. अशा वेळी पंचाने बेसपासून पाच-सहा पावलांवर, फेकीला काटकोन धरून उभं राहायचं. डोळे बेसवर, कान ग्लव्हजकडे. चेंडू झेलताना तिथल्या खेळाडूचा पाय बेसवरून उठलेला असेल, तर आउट नाही. नेमके तेव्हाच साहेब उत्साहात उठले, आणि सुचेताला बेसऐवजी त्यांची रुंद पाठ दिसली. चेंडू ग्लव्हजमध्ये बसल्याचा आवाज आला. हात सवयीने वर गेला. आउट.

जुई बेसवरून हलेना. "मॅडम, उसका पैर उठा था. आपने देखा ही नहीं."

खरं होतं, म्हणून तर झोंबलं. तिकडे होम प्लेटचा पंच विश्वास मैदानाच्या फाटकाकडे निघालासुद्धा. दोघं पंच मैदानाबाहेर पडले की निकाल पक्का. आणि जुईच्या मागोमाग रेषेने धावत येऊन बेसवरचा पाय बघायचं काम त्याचंच होतं.

"विश्वासराव, थांबा. पाय कुठे होता?"

तो परत आला, आवाज उतरवून म्हणाला, "ताई, सोडा ना. साहेबांना बक्षीस देऊन निघायचंय. हात वर केलात, म्हणजे दिसलंच असणार तुम्हाला."

"नाही दिसलं," सुचेता म्हणाली, पार गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशी. "मी न बघता आउट दिला. आता तुम्ही काय बघितलंत ते सांगा."

पंच असं कधी बोलतो का! तिला लाज वाटत होती, पण संताप त्याहून मोठा होता: त्या सोफ्याचा, जोडलेल्या हातांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. विश्वासने बुटाने माती उकरली.

"उठला होता पाय," तो पुटपुटला.

सुचेताने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ. समोरच्या संघाचे प्रशिक्षक ओरडत आले, त्यांना ओलांडून ती थेट सोफ्यापाशी गेली.

"साहेब, उठा. ही पंचाची जागा आहे."

जितेंद्रने मान खाली घातली. साहेब उठले. सोफ्याचं एक टोक तिने स्वतःच धरून ओढलं आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली.

पुढची मुलगी तीन स्ट्राइकमध्ये गारद झाली. करोंद हरलं. जुई पहिल्या बेसवरून चालत आली, डोळे पुसून सुचेतासमोर थांबली.

"हार गए, मॅडम. पर मैं आउट नहीं थी."

"नव्हतीस," सुचेता म्हणाली.