मांजरपाटाची चड्डी

विशाखाला चड्डी घालायची म्हणजे आधी तिला मांडीवर पालथं घालावं लागे. उभी करून घालायची सोयच नव्हती. दीड वर्ष उलटलं तरी ती उभी राहत नव्हती. ती कधी रांगलीही नाही. एक दिवस बसल्या जागेवरून पुढे सरकली आणि तीच तिची चाल झाली. डावा पाय दुमडून अंगाखाली, उजवा पुढे पसरलेला, उजव्या हाताचा तळवा जमिनीला टेकवायचा आणि बुडावर झोका घेऊन अंग पुढे न्यायचं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात ती अशी फिरायची, की आईनं, लतानं, दुधाखालचा स्टोव्ह बारीक करून वळावं तर ही पिठाच्या डब्यापाशी पोचलेली.

काखेत हात घालून उचललं तर पाय खाली सोडायची नाही. दोन्ही पाय समोर धरून हवेतच बसायची. म्हणून लतानं आपली रीत बसवली होती. पालथं घालायचं, पाठीवरून हात फिरवायचा, अंग सैल पडलं की एक पाय, मग दुसरा, आणि चड्डी वर. बाजारच्या चड्ड्या पंधरा दिवसांत मागून विरायच्या. इलॅस्टिक सरकून चड्डी अर्ध्यावर यायची. फ्रॉक तर वैरीच. फ्रॉकचा घेर बुडाखाली अडकायचा, पोर पुढे झोका घ्यायची आणि गळा ओढला जाऊन मागे आपटायची.

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी पाय हलवून, गुडघ्यांवर ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "काही दोष नाही. काही मुलं अशीच सरकतात, उशिरा उभी राहतात. थोडं थांबा." लताचा नवरा पितांबर दूध डेअरीत कामाला होता. त्याला ते पटलं. पण त्याच्या वडिलांना, आबांना, पटलं नाही.

आबा म्हणजे देवचंद हवालदार. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अजून सकाळी बूट पॉलिश केल्याशिवाय ते दूध आणायला निघत नसत. त्यांच्या वस्तीतून खाकी वर्दी घालणारे ते पहिलेच. पत्नी गेल्यापासून ते मुलाकडेच राहत. नातीवर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच तिचं सरकणं त्यांना बघवत नसे. गल्लीत कुणी दिसलं की ते तिला पटकन उचलून घेत.

"लता, पोरीला बाहेर खाली सोडू नकोस," ते म्हणत. "लोक विचारतात."

"विचारू द्या ना आबा. डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर गल्लीत राहत नाहीत. आपण राहतो."

एकोणीसशे एक्याण्णवच्या उन्हाळ्यात आबांच्या गावाहून बोलावणं आलं. एरंडोलच्या पुढे त्यांचं गाव. तिथल्या पोरांनी वर्गणी काढून नवा विहार बांधला होता. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन, आणि पंचशील ध्वज फडकवायचा मान देवचंद हवालदारांचा. त्या दिवसापासून आबांची मान आणखी ताठ झाली. स्वतःसाठी त्यांनी पांढरा नेहरू शर्ट शिवून घेतला. विशाखासाठी फुले मार्केटमधून पांढरा फ्रॉक आणला. तीन थरांची कडक जाळी, गळ्याला लेस, कमरेला साटीनचा पट्टा. बरोबर पांढरे मोजे आणि बूट.

"किती छान आहे," लता म्हणाली. फ्रॉक छान होताच.

"हा घालायचा. आणि कार्यक्रमात तिला कडेवरून खाली ठेवायचं नाही. सगळं गाव असेल."

लतानं फ्रॉक घडी करून ठेवला. पण दुपारी आबा झोपले की ती शिलाई मशीन काढून बसू लागली. माहेराहून आलेला मांजरपाटाचा जाड तुकडा तिच्या पेटीत होता. पांढरा, धुऊन धुऊन मऊ झालेला. तिनं विशाखाला जुन्या चादरीवर सरकू दिलं आणि कापड नेमकं कुठे घासतं ते नीट पाहिलं. डाव्या बाजूला जास्त, उजव्या बाजूला कमी. मग चड्डी बेतली. बुडाशी डावीकडे कापडाचे तीन पदर, उजवीकडे दोन, आणि त्यावर गोधडीला घालतात तसे जवळजवळ हाताचे टाके. डावा पाय पोटरीपर्यंत झाकलेला, म्हणजे फरशीनं सोलपटायचा नाही. कमरेला इलॅस्टिक नको, खांद्यावरून दोन पट्टे. वर कमरेपर्यंतच येईल असं बिनबाह्यांचं झबलं, गळ्याभोवती निळ्या दोऱ्यानं घातलेली बारीक वेल.

पितांबरनं पाहिलं. "आबा घालू देतील?"

"कुणी सांगितलं घालणार आहे म्हणून? शिवून ठेवलीय," लता म्हणाली, आणि चड्डीची घडी करून पिशवीच्या तळाशी घातली.

पौर्णिमेच्या सकाळी ते पहिल्या एस.टी.नं निघाले. पितांबरला डेअरीतून रजा मिळाली नाही, म्हणून तिघंच. लतानं विशाखाला फ्रॉक घातला, लेस नीट केली, बुटांचे बंद बांधले. आबांनी दोन पावलं मागे जाऊन नातीकडे पाहिलं, पट्ट्याची गाठ थोडी मधोमध सरकवली आणि समाधानानं मान हलवली. खरंच ती बाहुलीसारखी दिसत होती. फक्त हालत नव्हती.

गावात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. नव्या विहाराला निळा-पांढरा रंग दिलेला, समोर मांडव, मांडवात सतरंज्यांवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. "जय भीम, हवालदार आबा!" म्हणत माणसं पुढे येत होती. आबांची थोरली बहीण, रुक्माबाई अक्का, गावातच राहायची. ऐंशीच्या घरातली, पाठीनं वाकलेली, पण कान-डोळे शाबूत. तिला मांडवात अगदी पुढे, भिंतीला टेकून बसवलं होतं.

आबांनी ध्वज फडकवला. टाळ्या झाल्या. लता बायकांमध्ये उभी होती आणि कडेवर विशाखा रडत होती. आधी कुरकुर, मग हुंदके. जाळी टोचून मानेवर लाल रेघ उठली होती. घामानं फ्रॉक अंगाला चिकटला होता. ती अंग मागे टाकत होती, खाली झेप घेत होती. शेजारची बाई म्हणाली, "सोड ना तिला खाली, चालेल जरा."

लतानं आबांकडे पाहिलं. ते वंदना घ्यायला आलेल्या भंतेजींशी बोलत उभे होते. तिनं पोरीच्या मानेवरची रेघ पाहिली, पिशवी उचलली आणि विहाराच्या मागे निंबाखाली गेली.

सावलीत बसून तिनं फ्रॉक उतरवला. बूट काढले, मोजे काढले. ओल्या पदरानं मान पुसली. विशाखा हुंदके देत गप्प झाली. लतानं तिला मांडीवर पालथं घातलं, पाठीवरून हात फिरवला. एक पाय. दुसरा. चड्डी वर, पट्टे खांद्यावर, झबलं. शेवटचं बटण लागायच्या आतच पोर मांडीवरून निसटून मातीवर उतरली होती.

"थांब, थांब," लता हसली. "तिकडे मांडवात जाऊ. तिथं बैठक छान आहे."

परत आली तेव्हा वंदना सुरू होत होती. सगळे खाली बसले होते. पुढे भंतेजी, बाजूला आबा, मागे ओळीनं बायामाणसं, हात जोडलेले, डोळे मिटलेले. लता कडेला बसली आणि तिनं विशाखाला चादरीवर ठेवलं.

बुद्धं सरणं गच्छामि.

विशाखानं इकडे तिकडे पाहिलं. आजवर तिला सगळी माणसं गुडघ्यांपासून खाली दिसायची. आज सगळ्यांचे चेहरे तिच्या चेहऱ्यासमोर होते. तिनं तळवा टेकवला, झोका घेतला आणि निघाली. चादरीवर तिची चड्डी सुर्रकन सरकत होती. दोन ओळींच्या मधल्या वाटेनं ती पुढे पुढे जाऊ लागली, पाठ ताठ, मान वर. मांडवातली झाडून सारी माणसं बसलेली, आणि त्या सगळ्यांत ती एकटीच चालत होती.

कुणी एक डोळा उघडला, कुणी शेजारणीला कोपरानं ढोसलं. आबांना चाहूल लागली. त्यांनी पाहिलं. फ्रॉक नाही, बूट नाहीत, आणि नात सगळ्या गावादेखत बुडावर सरकत येतेय. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पण वंदना चालू होती, हात जोडलेले होते. लतानं ते पाहिलं. तरी तिनं मान खाली घातली नाही. तिची नजर त्या पांढऱ्या चड्डीवर होती. कुठे वर चढत नव्हती, कुठे सुटत नव्हती.

विशाखा आबांच्या समोरून गेली. त्यांच्याकडे पाहून हसली, पण थांबली नाही. ती गेली ती थेट भिंतीपाशी, रुक्मा अक्काच्या पायांशी. आणि तिथं पोचल्यावर अक्काचं बोट धरून बसली.

वंदना संपली. साधु, साधु म्हणून झालं. त्या शांततेत अक्काचा खणखणीत आवाज उठला.

"देख माय! हाई ते बठ्ठी मना देवचंद शे!"

ही पोर म्हणजे थेट आपला देवचंदच, असं ती सांगत होती. सगळे वळले. आबा घाईघाईनं उठले. "अक्का, काय बोली र्‍हायनी तू?" इतक्या वर्षांत लतानं त्यांच्या तोंडून गावची बोली पहिल्यांदाच ऐकली.

"काय बोलू? खरं शे तेच," अक्का म्हणाली. "तू दोन वरीसना व्हयना तरी आसाच घसरत व्हता. हाऊच पाय पोटखाले, हाऊच हात. मायनी तुले गोणपाटनी चड्डी शिवेल व्हती!"

मांडवात हशा पिकला. गोणपाटाची चड्डी घातलेले देवचंद हवालदार डोळ्यांसमोर आणून म्हातारे मांड्यांवर थापा मारू लागले. आबा उभेच राहिले. त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती. ही गोष्ट त्यांना सांगायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि अक्कालाही आजवर ती सांगायचं कारण पडलं नव्हतं.

"खरंच, अक्का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंग काय खोटं? आनि पुढे परेडम्हा कोन चालनं? मी?" अक्कानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "इनी कसानी काळजी?"

आबा खाली बसले. नव्या नेहरू शर्टाची घडी मोडली, त्याचं त्यांना भान नव्हतं. विशाखाचा दुमडलेला पाय त्यांनी पाहिला, मग स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पोरीला त्यांनी मांडीवर घेतलं तशी तिनं पाय समोर धरले. त्यांनी चड्डीचा मागचा भाग चाचपला, टाके बोटांनी दाबून पाहिले.

"लता," त्यांनी हाक मारली.

ती उठून जवळ आली. बोलणी खायची तयारी ठेवूनच आली होती.

"ही तू शिवलीस?"

"हो आबा."

"इकडे तीन पदर घातलेस, तिकडे दोनच?"

"ती डावीकडे जास्त घासते."

आबांनी पुन्हा एकदा टाक्यांवरून बोट फिरवलं. "माझ्या आईनं पण असंच काहीतरी बघून शिवलं असेल," ते म्हणाले. मग घसा साफ करून, जवळ जमलेल्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "माझ्या सुनेनं शिवलीय. बाजारात मिळत नाही असली."

बायका पुढे झाल्या. एकीनं पट्टे पाहिले, एकीनं निळी वेल. "आमना आंगेबी एक आसाच शे," तिसरी म्हणाली आणि घरच्या पोरासाठी लताच्या कानाशी लागून माप विचारू लागली. लताचा चेहरा उन्हानं तापला होताच, तो आणखी तापला. तिला सासरी येऊन चार वर्षं झाली होती. या गावात तिला सगळे पितांबरची बायको म्हणून ओळखत. आज पहिल्यांदा कुणी विचारलं, "तुझं नाव काय गं?"

जेवणं झाली. भरपूर भाजी-पोळी आणि खीर. विशाखा पंगतीच्या कडेनं फिरत राहिली, आणि ज्याच्या पानासमोर थांबायची तो तिला खिरीचं बोट चाटवायचा. चड्डी मातीनं, खिरीनं माखली, पण फाटली नाही. संध्याकाळी निघताना लतानं आबांना विचारलं, "पुन्हा फ्रॉक घालू का तिला? गाडीत लोक असतील."

"कशाला? तिला बरं वाटतंय त्यात," आबा म्हणाले.

एरंडोलच्या स्टँडवर जळगावची गाडी यायला वेळ होता. फलाटावर लग्नसराईची गर्दी, ट्रंका, पाण्याच्या कॅन, झोपलेली माणसं. आबांनी कडेवरच्या नातीला एकदा पाहिलं आणि वाकून फरशीवर ठेवलं. ती लगेच निघाली. एका बाकड्यावरच्या माणसानं विचारलं, "काय हो, पोरगी चालत नाही का अजून?"

"चालतेय की," आबा म्हणाले. "हीच आमच्या घराण्याची चाल. मी पण असाच चाललो."

तो माणूस त्यांच्या चकाकत्या बुटांकडे आणि ताठ पाठीकडे पाहतच राहिला. आबा हात मागे बांधून नातीच्या मागोमाग फलाटावरून चालू लागले. वाटेत बसलेल्यांना सांगत होते, "जरा ती पेटी बाजूला घ्या भाऊ. पोरीला जाऊ द्या." माणसं पाय आवरत होती, पेट्या सरकवत होती. लता पिशवी घेऊन त्यांच्या मागून चालली होती.